पीयूसी पास आहे, मग मुलाला खोकला कशाचा?

ताई, नमस्कार.

आमचं घर खेड तालुक्यात, चाकणपासून फार लांब नाही. मोठे भाऊजी आणि माझे मिस्टर मिळून गाड्यांचा धंदा करतात. तीन हायवा, म्हणजे डंपर आहेत, खडी आणि क्रश सँड वाहतात. एक जुनी, दोन बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांतल्या. जुनीचा डिझेल पंप ‘वाढवून’ घेतलाय. चढाला लागली की मागचा रस्ता दिसत नाही इतका काळा धूर सोडते. नव्या दोघींची धूर साफ करणारी युरियाची यंत्रणा मागच्या वर्षी एका मिस्त्रीकडून बायपास, म्हणजे बंद करून घेतली, सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळीही काढून टाकली. भाऊजी म्हणतात, युरियाचा खर्च वाचला, डॅशबोर्डवरची इशाऱ्याची लाइट लागायची बंद झाली, गाडी ओढतेही चांगली.

गाड्या रात्री आमच्याच अंगणात लागतात. पहाटे पाचला तिन्ही सुरू होतात आणि अर्धा तास घरघरत उभ्या राहतात. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे. दोन हिवाळे झाले, त्याचा खोकला जात नाही. डॉक्टरांनी इनहेलर दिलाय आणि विचारलं, ‘घराजवळ धूर असतो का?’ मी गप्प बसले.

घरात विषय काढला तर भाऊजी पीयूसी काढून दाखवतात. ‘पास आहे. सरकारला चालतं, तुला चालत नाही?’ मिस्टर काहीच बोलत नाहीत. नव्यातली एक गाडी त्यांच्या नावावर आहे, हप्ते चालू आहेत. गावात बहुतेकांच्या गाड्या अशाच आहेत. कधी वाटतं, नाव न सांगता आरटीओला कळवून टाकावं. पण गाडी उभी राहिली तर घर कशावर चालणार? आणि नियमच इतके ढिले असतील तर मी कुणावर चिडायचं, तेही कळत नाही.

— एक सून, तालुका खेड

*

ताई,

सगळ्यात आधी डॉक्टरांच्या प्रश्नाचं उत्तर द्या. पुढच्या भेटीची वाट बघू नका, उद्या फोन करून सांगा की अंगणात तीन डंपर रोज पहाटे अर्धा तास चालू असतात, त्यातल्या दोघांची धूर गाळणारी यंत्रणा काढलेली आहे आणि मुलगा अंगणाच्या बाजूच्या खोलीत झोपत असेल तर तेही. हे सांगताना भाऊजींची बदनामी होईल असं मनात आणू नका. डॉक्टरांना ही माहिती नसेल तर ते औषधं बदलत राहतील आणि खोकला जागच्या जागी राहील. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत तेवढ्या लांबचा विचार करून घाबरू नका. त्याच्या श्वासनलिकेला रोज पहाटे जो त्रास होतोय तो आजचा आहे आणि तो आजच कमी करता येतो.

म्हणून दुसरी गोष्ट अंगणाची. हिवाळ्याच्या पहाटे हवा थंड, जड आणि स्थिर असते. धूर वर जात नाही, अंगणातच साचतो आणि फटीफटीतून घरात येतो. ‘एअर भरायला वेळ लागतो’ असं तुम्हाला सांगतील. ते खरं आहे, एअर ब्रेकच्या टाकीत दाब आल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. पण त्याला काही मिनिटं लागतात, अर्धा तास नाही. एवढा वेळ लागत असेल तर बहुधा कुठेतरी हवा गळते आहे आणि तो ब्रेकचा दोष आहे, तो आधी बघायला हवा. बाकीचा वेळ चहा, तंबाखू आणि सवयीत जातो. गाड्या रात्री क्रशरवर किंवा घरापासून लांब, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत लावता येतील का, हे विचारा. या मागणीला पैसे लागत नाहीत, कुणाची चूक काढावी लागत नाही, आणि नातवाच्या खोकल्यासाठी म्हटल्यावर सासूबाईसुद्धा तुमच्या बाजूने बोलतील. बाकीचं भांडण कितीही लांबलं तरी हे याच आठवड्यात व्हायला हवं.

आता त्या पीयूसीच्या कागदाबद्दल. तुमच्या घरातला सगळा वाद त्यावर अडला आहे आणि भाऊजींचं ‘सरकारला चालतं’ हे वाक्य तिथूनच आलं आहे.

डिझेल गाडीच्या पीयूसीत एकच गोष्ट मोजतात: धूर किती दाट आहे. गाडी उभी असते, नळी सायलेन्सरमध्ये घालतात, रेस देतात आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते यंत्र सांगतं. आकडा जितका मोठा तितका धूर दाट. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२ आणि बीएस-६ ला ०.७. चाचणी नीट करायची तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन सगळ्यात वरच्या वेगाला न्यावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. ‘इंजिनला काही झालं तर?’ या भीतीने अनेक ठिकाणी अर्धीच रेस देतात. काही ठिकाणी तर गाडी जागेवर न नेताही कागद मिळतो, हे गाड्या बाळगणाऱ्या कुणालाही विचारा.

पण चाचणी अगदी प्रामाणिकपणे झाली असं धरलं तरी युरिया बायपास तिच्यात सापडणारच नाही. युरिया काळ्या धुरासाठी नसतोच. तो नायट्रोजन ऑक्साइडसाठी असतो आणि हा वायू डिझेलच्या पीयूसीत मोजतच नाहीत. इंजिनातून तापलेला धूर बाहेर पडताना त्यात युरियाचं पाणी फवारलं जातं, त्याचा अमोनिया होतो आणि पुढच्या डब्यात तो नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात करतो. बीएस-४ च्या अवजड इंजिनाला एका किलोवॅट-तासामागे ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ०.४६ ग्रॅमवर आली. हा फरक मुख्यतः त्या युरियाच्या टाकीमुळे पडतो. मिस्त्रीने लावलेली छोटी पेटी गाडीच्या कॉम्प्युटरला खोटा निरोप देते की फवारा चालू आहे, सगळं ठीक आहे. कॉम्प्युटर फसतो, लाइट लागत नाही, गाडीची ताकद कमी होत नाही. बाहेर मात्र बीएस-४ च्या गाडीइतका, कधी त्याहूनही जास्त वायू जातो, कारण या इंजिनांची बांधणीच ‘पुढे युरिया आहे’ हे धरून केलेली असते.

आणि तो दिसत नाही. तुमची जुनी गाडी काळा धूर ओकते म्हणून सगळे तिच्याकडे बोट दाखवतात. नव्या दोघी स्वच्छ वाटतात. मुलाच्या श्वासनलिकेला चिडवणारा, दम्याची ढास वाढवणारा नायट्रोजन डायऑक्साइड (नायट्रोजन ऑक्साइडचाच एक प्रकार) मात्र या स्वच्छ दिसणाऱ्या गाड्यांमधूनही येतो आणि हवेत पुढे त्याचेच सूक्ष्म कण आणि ओझोनही तयार होतात. जाळी काढल्यामुळे काजळीचे बारीक कणही आता थेट बाहेर येतात. इंजिन नवं असेल तर तेसुद्धा डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत.

तेव्हा सरकारला हे चालतं असं नाही. सरकार जिथे बघतं तिथे हे दिसत नाही, इतकंच. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचा घोटाळा उघड झाला तोही याच वायूचा होता. त्यांच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत पास होत होत्या आणि रस्त्यावर मर्यादेच्या कित्येक पट नायट्रोजन ऑक्साइड सोडत होत्या. अमेरिकेतल्या संशोधकांनी गाडी खऱ्या रस्त्यावर चालवत मोजमाप केलं तेव्हा ते सापडलं. तिथे तो प्रकार एका मोठ्या कंपनीने केला. आपल्याकडे तेच काम गावागावातला मिस्त्री करतो आहे, आणि रस्त्यावर मोजायला कुणी उभं नाही.

तुमचा राग कुणावर, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगते. मोठा वाटा नियम करणाऱ्यांच्या आणि राबवणाऱ्यांच्या पदरात घाला. कागदावर बीएस-६ २०२० मध्येच आलं. गाडी कारखान्यातून निघताना तिची कसून परीक्षा होते आणि ती रस्त्यावर आली की त्याच गाडीला वर्षातून एकदा जुन्या काळातली धुराची चाचणी पुरते, हे कुठल्याही शहाण्या माणसाला पटणारं नाही. आपल्या देशाच्या हवेच्या मानकांत नायट्रोजन डायऑक्साइडची वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १० वर आणली. म्हणजे मोजमाप झालं तरी आपली पट्टीच सैल. पीयूसीच्या वेळी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून बघणं अवघड नाही. मिस्त्री बायपास करताना तोच तर स्कॅनर वापरतो. पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीच्या वेळी गाडीखाली वाकून जाळीचा डबा भरलेला आहे की पोकळ, हे बघायला काय लागतं? हे होत नाही याचा मला मनापासून संताप आहे आणि तुम्हालाही तो असायला हवा.

पण हा संताप भाऊजींची सुटका करत नाही. ज्याला मोजणारं कुणी नाही, त्याची जबाबदारी ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर येते. भाऊजींना ठाऊक आहे, मिस्टरांना ठाऊक आहे आणि आता तुम्हालाही.

भाऊजींचा त्रास खोटा नाही, हे मात्र लक्षात ठेवा. त्याशिवाय त्यांच्याशी बोलणं होणार नाही. काजळीच्या जाळीला स्वतःला साफ करायला उष्णता लागते, त्यासाठी गाडी काही वेळ सलग आणि जोरात चालावी लागते. क्रशर ते साइट असं दहा-पंधरा किलोमीटरचं खेपांचं काम, मध्ये चाकणचं ट्रॅफिक, वजनकाट्यावर रांग, साइटवर इंजिन चालू ठेवून थांबणं: या सगळ्यात ती जाळी कधी पुरती तापतच नाही. मग काजळी भरते, लाइट लागतो, ताकद कमी होते, भरलेली गाडी चढावर अडकते. सर्व्हिस सेंटरला नेली की दिवस मोडतो, खेपा जातात, हप्ता मात्र थांबत नाही. त्यात कुणीतरी शेतातला युरिया नळाच्या पाण्यात कालवून टाकीत घालतं. अनुदानाचा युरिया असा वापरणं हा वेगळाच गुन्हा. शिवाय त्यावर २०१५ पासून कडुनिंबाचा लेप असतो, त्याने फवारा आणि पुढचा डबा खराब होतो. अशा वेळी मिस्त्री म्हणतो, ‘शेठ, काढूनच टाकू, कटकट संपली.’ थकलेला माणूस हो म्हणतो. मी त्यांना वाईट माणूस समजत नाही. त्यांनी वाईट सल्ला घेतला आहे.

म्हणून बोलणं हिशोबापासून सुरू होऊ द्या. युरिया लागतो डिझेलच्या साधारण तीन ते सहा टक्के. एका गाडीला महिन्याला १५०० लिटर डिझेल लागत असेल आणि पाच टक्के धरले तर ७५ लिटर, म्हणजे वीस लिटरच्या चार बादल्याही नाहीत. तुमच्या पंपावरच्या दराने गुणा आणि त्या रकमेशेजारी महिन्याचं डिझेल, टायर आणि हप्ता लिहा. वाचलेला पैसा किती लहान आहे, हे भाऊजींना तोंडी सांगण्यापेक्षा वहीत लिहिलेलं जास्त पटेल. बचतीच्या दुसऱ्या बाजूला काय गेलं तेही लिहा: वॉरंटी असेल तर ती, गाडी विकताना पडणारा भाव, आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला वाद घालायला मिळालेली आयती जागा.

आणखी एक विचारा: काढलेला माल कुठे आहे? त्या डब्यांमध्ये प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात, भंगारात त्याला चांगली किंमत येते. ‘जुना माल राहू दे इथेच’ असं म्हणून तो ठेवून घेणारे मिस्त्री पुष्कळ आहेत. म्हणजे कामाची मजुरी घेतली ती वेगळी आणि तुमच्या गाडीतला सगळ्यात महाग भाग नेला तो वेगळा. भाऊजी धंद्यातले आहेत, ही गोष्ट त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळेल. डबे अजून गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेले असतील तर तेवढंच नशीब, लगेच उचलून आणा.

सगळं एकदम पूर्ववत करा असा हट्ट धरू नका. जाळी नव्याने घ्यायची झाली तर खर्च मोठा आहे आणि पहिल्याच दिवशी तो आकडा ऐकून विषय बंद होईल. आधी युरिया. बायपासची पेटी काढायची, फवाऱ्याच्या तोंडाशी पांढरे खडे धरले असतील ते साफ करायचे, टाकी धुऊन सीलबंद बादलीतला चांगला युरिया भरायचा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून कॉम्प्युटर तपासून घ्यायचा. फवाऱ्यापुढचा डबा जागेवर असेल तर हे काम तुलनेने स्वस्तात होतं आणि न दिसणारा वायू बराचसा थांबतो. जाळी त्यानंतर, एका गाडीची आधी, पैसे जमतील तशी दुसरीची. तोवर ड्रायव्हरला सांगून ठेवा की गाडी उगाच चालू ठेवून उभी करायची नाही. जाळी परत बसल्यावर साफसफाई चालू असताना इंजिन बंद करायचं नाही, ती पुरी होऊ द्यायची. ती अर्ध्यात तोडत राहिल्यानेच पुष्कळ गाड्या गॅरेजला जातात.

जुन्या गाडीचं सगळ्यात सोपं आहे. पंप वाढवणं म्हणजे इंजिनाला पचतं त्याहून जास्त डिझेल ढकलणं. जे जळत नाही ते काळं होऊन बाहेर पडतं, आणि ते तुमच्याच पैशाचं असतं. पंप पुन्हा मूळ मापावर आणून घ्या, नोझल तपासा, एअर फिल्टर बदला. चढावर थोडी मंद होईल. खडी जरा कमी भरली की तेही जाणवणार नाही. ओव्हरलोडिंगचा विषय आज काढत नाही, पण पंप वाढवण्याची गरज बहुतेक वेळा तिथूनच येते.

आता तुमच्या मिस्टरांचं गप्प बसणं. त्यांना एक गोष्ट कुणी सांगितलेली दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ नमुन्याशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ नव्याने लिहिलं गेलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी चालवली किंवा चालवू दिली तर कलम १९० खाली पहिल्याच वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे आणि लायसन्सही तीन महिन्यांसाठी जाऊ शकतं. इथे ‘मालक’ म्हणजे आरसीवर ज्याचं नाव आहे तो. एका गाडीवर ते नाव तुमच्या मिस्टरांचं आहे. निर्णय मोठ्या भावाने घेतला, काम मिस्त्रीने केलं, सही मात्र यांची. मोठ्या भावापुढे बोलायचं नाही हा त्यांचा संस्कार असेल, त्याचा मी मान ठेवते. पण ‘दादा, माझ्या नावावरच्या गाडीत मला हे नको’ एवढं म्हणायला कुणाचा अपमान करावा लागत नाही. हे वाक्य त्यांनीच म्हणायला हवं. तुम्ही म्हटलंत तर ते सुनेचं बोलणं होईल आणि विषय गाडीवरून तुमच्यावर येईल.

तुम्ही स्वतः बोला ते जाऊबाईंशी. पत्रात त्यांचा उल्लेख नाही, पण भाऊजींच्या घरातही माणसं आहेत, त्याच अंगणातली हवा त्यांच्याही खोलीत जाते. दोघी मिळून बोललात तर भाऊजींना ‘हिला चालत नाही’ म्हणता येणार नाही. ड्रायव्हरलाही विचारा, डोळे चुरचुरतात का, सकाळी खोकला येतो का. तो दिवसभर त्याच गाड्यांच्या मागेपुढे असतो आणि रात्री कधी कधी केबिनमध्येच झोपतो. त्याचं कुणी विचारत नाही.

राहिला आरटीओचा प्रश्न. नाव न सांगता कळवू का? आज नको, असं मी म्हणेन. घराण्याच्या अब्रूसाठी नाही. तक्रार गेली तर होईल काय, याचा विचार करा. गाडी अडवतील, पीयूसी मागतील, ती पास आहे, गाडी सोडतील. नियम ११६ प्रमाणे पोलीस उपनिरीक्षक किंवा मोटार वाहन निरीक्षक संशय आला तर गाडी चाचणीला पाठवू शकतात, पण पुन्हा चाचणी तीच, धुराची. तुमच्या नव्या गाड्या तिच्यातून सुटण्याची शक्यता मोठी आहे. हाती काही लागणार नाही आणि घरात ‘कुणी कळवलं’ याचा शोध सुरू होईल.

पण हा दरवाजा कायमचा बंद करा, असंही मी सांगत नाही. पुढचं पासिंग कधी आहे ते आरसीवर बघा. आठ वर्षांच्या आतल्या गाडीचं ते दर दोन वर्षांनी असतं. त्याआधी निदान युरिया पूर्ववत झाला पाहिजे, ही मुदत घरात उघडपणे सांगा. ती उलटूनही भाऊजी हलले नाहीत, गाड्या अंगणातून निघाल्या नाहीत आणि मुलाचा त्रास वाढला, तर लेखी तक्रार करा. तेव्हा ‘धूर सोडते’ एवढंच लिहू नका. ‘युरिया प्रणाली बायपास केली आहे, काजळीची जाळी काढली आहे, प्रत्यक्ष तपासणी करावी’ असं नेमकं लिहा. तसं लिहिल्याशिवाय कुणी गाडीखाली वाकत नाही. मूल आजारी असताना घराच्या शांततेसाठी आईने कायमचं गप्प राहावं, असा सल्ला मी कुणालाही देणार नाही.

‘गावात सगळ्यांच्याच गाड्या अशा’ हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं आणि काम करायला खरी जागाही मला तिथेच दिसते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० मध्ये अंदाज मांडला होता की दहा वर्षांत तिथल्या साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअप ट्रकांची धूर रोखणारी यंत्रणा काढून टाकली गेली, आणि त्याचा परिणाम रस्त्यावर नव्वद लाख जादा गाड्या आणल्यासारखा होता. एकेक गाडी किती गाड्यांइतकं नुकसान करते, बघा. तिथे काही तरुण तर मुद्दाम काळा धूर सोडून सायकलवाल्यांच्या तोंडावर मारतात, त्याची फुशारकी मिरवतात. पण तिथल्या कायद्यात अशी उपकरणं बनवायला, विकायला आणि बसवायलाच मनाई आहे, आणि विकणाऱ्यांना मोठे दंड झाले आहेत. आपल्याकडे प्रत्यक्षात सगळा भार मालकावर. पेटी विकणाऱ्यापर्यंत आणि ती लावणाऱ्या गॅरेजपर्यंत क्वचितच कुणी पोहोचतं. भाऊजींना एकट्याला सुधारायला सांगणं आणि शेजारच्या दहा गाड्या तशाच पळू देणं, यात त्यांच्यावरही अन्याय आहे. युरिया भरणारा खेपेमागे महाग पडतो आणि बायपासवाला स्वस्तात काम उचलतो, असं चालू राहिलं तर प्रामाणिक माणूस फार दिवस टिकत नाही.

म्हणून ग्रामसभेत हा विषय कुणा एकाच्या नावाशिवाय आणा. शाळा सुटण्या-भरण्याच्या वेळी खडीच्या गाड्या गावातून जाऊ नयेत, रात्री वस्तीत गाड्या लावून इंजिन चालू ठेवू नये, आणि आरटीओने क्रशरच्या तोंडाशीच तपासणी ठेवून बायपास शोधावा. असा ठराव झाला तर तो पिंपरी-चिंचवडच्या आरटीओ कार्यालयाला आणि परिवहन आयुक्तांना पाठवा, ‘आपले सरकार’ पोर्टलवरही टाका म्हणजे नोंद राहते. क्रशरवाल्याशीही बोला. गेटवर ‘युरिया चालू नसलेल्या गाडीला लोडिंग नाही’ असं त्याने ठरवलं तर सगळ्यांना एकच नियम लागतो आणि भाऊजींचं ‘मीच का?’ उरत नाही. ग्रामसभेत बायका बोलायला उठल्या की सुरुवातीला कुजबुज होते, हे मलाही ठाऊक आहे. शाळेच्या बाईंना, अंगणवाडीताईंना सोबत घ्या. कुठल्या मुलांना खोकला आहे ते त्यांना वर्गात रोज ऐकू येतं.

एवढं सगळं एका दमात होणार नाही. या आठवड्यात तीनच गोष्टी करा: डॉक्टरांना फोन, गाड्या अंगणाबाहेर, आणि मिस्टरांसमोर त्यांच्या नावाची आरसी ठेवून कलम १८२अ त्यांना वाचायला देणं. पहाटे पाच ते सहा मुलाला घराच्या मागच्या खोलीत झोपवा आणि पुढच्या खिडक्या तेवढा वेळ बंद ठेवा. इनहेलर खोकला नसलेल्या दिवशीही द्यायचा आहे का, तेही डॉक्टरांना नीट विचारून घ्या. बरं वाटलं की बंद करणारे पालक फार असतात.

मिस्त्रीकडे ते डबे सापडले का, आणि सर्व्हिस सेंटरने युरिया पूर्ववत करायला किती सांगितले, हे मला जरूर कळवा. तुमच्यासारखीच पत्रं आणखी येतात, तुमच्याकडचा खरा आकडा त्यांच्या कामी येईल. नाव-गाव छापणार नाही.

तुमची,
ताई